वाट जशी, तसे चाक : साठीनंतरची सायकल आणि तिचे टायर

सायकल घेण्याचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न किमतीचा असतो, दुसरा कंपनीचा आणि तिसरा रंगाचा. घेणारी व्यक्ती सत्तरीच्या घरातली असेल, तर त्याही आधी एक प्रश्न उभा राहतो : ‘आता या वयात सायकल कशाला?’ या सर्वांच्या अलीकडचा एक प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. ही सायकल नेमकी कोणत्या वाटेवरून जाणार आहे?

साहसी शर्यतींत उतरणारी मंडळी हाच प्रश्न सर्वप्रथम विचारतात. सह्याद्रीत होणाऱ्या ‘एन्ड्युरो ३’सारख्या शर्यतीत तिघांच्या संघाला डोंगर चढायचा असतो, पाणी ओलांडायचे असते आणि सायकलही हाकायची असते. अशा शर्यतींत सायकलीची वाट कधी डांबरावरून, कधी मुरमावरून, तर कधी बैलगाडीच्या चाकोरीतून जाते. म्हणून जाणता स्पर्धक दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवतो : वाट किती पक्की आणि किती कच्ची आहे, तिचा सर्वांत वाईट तुकडा कोणता, आणि त्या तुकड्यावर काही बिघडले तर ते नीट कसे करायचे. सायकल आणि टायर त्यानंतर निवडले जातात.

आपल्याला कोणतीही शर्यत जिंकायची नाही. परंतु हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या ज्येष्ठाची शेतापर्यंतची वाट पाहिली, तर ती या स्पर्धकांच्या वाटेहून फारशी निराळी नसते. म्हणूनच त्यांची रीत आपण उसनी घेऊ या.

आपली वाट ओळखा

1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा. येथे घरातून निघालेली सायकल पाच-सहा किलोमीटरांत चार प्रकारची जमीन पाहते. गल्लीतला सिमेंटचा रस्ता, मग डांबरी सडक, तिच्या कडेची उखडलेली गिट्टी, पुढे मुरूम आणि शेवटी शेताची पांदण. औंढ्याच्या बाजूला चढ-उतार आहेत. कयाधूच्या काठी, नर्सी नामदेवच्या परिसरात काळी जमीन आहे.

या काळ्या जमिनीचा स्वभाव सायकलस्वाराने समजून घेतला पाहिजे. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात तिचा चिखल टायरला थरावर थर चिकटतो, मडगार्डमध्ये दाटतो आणि चाक अडवून टाकतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, आणि पावसात उमटलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या टणक होतात. अरुंद चाक अशा भेगेत किंवा चाकोरीत अडकले, तर हँडल हातातून फिरते. बांधावर बाभळीचा काटा असतो आणि पायवाटेवर सराटा. या चार गोष्टी, म्हणजे चिखल, चाकोरी, गिट्टी आणि काटा, आपल्या टायरची परीक्षा घेणार आहेत.

सायकल घेण्यापूर्वी एकदा आपली नेहमीची वाट पायी चाला आणि तिच्यातील सर्वांत वाईट पन्नास पावले शोधा. मग स्वतःला विचारा : ही पन्नास पावले मी सायकलीवर बसून जाणार आहे, की उतरून? बसून जायचे असेल, तर टायर त्या पन्नास पावलांना साजेसा हवा. उतरून जायचे ठरले, तर टायर उरलेल्या वाटेसाठी निवडता येतो. उतरून सायकल ढकलणे हा पराभव नव्हे. साहसी शर्यतींतले तरणेताठे स्पर्धकही चिखलात आणि खड्या चढावर सायकल हाती धरून, कधी खांद्यावर घेऊन चालतात. शरीर आणि सायकल शाबूत ठेवून पुढे सरकणे हा त्यांच्या हिशेबातलाच भाग असतो.

टायर : रुंदी आधी, नक्षी नंतर

हवेचा टायर रूढ झाला तो बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यामुळे. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरून ती चाकांना बसवली आणि 1888 मध्ये पेटंट घेतले. टायर हा मुळात अंगाला हादरे कमी बसावेत म्हणून आलेला उपाय आहे, ही गोष्ट ज्येष्ठांनी विशेष लक्षात ठेवावी. झिजलेले मणके, दुखरे मनगट आणि संधिवाताची बोटे यांचे संरक्षण सीटच्या गादीपेक्षाही टायरमधली हवा अधिक करते.

पुष्कळांची समजूत अशी की, बारीक आणि टणक टायर हलका पळतो. गुळगुळीत रस्त्यावर त्यात तथ्य आहे. खडबडीत वाटेवर मात्र टणक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, आणि पुढे जाण्यासाठी लावलेली शक्ती अंग वर-खाली हलवण्यात खर्ची पडते. रुंद टायर, थोडी कमी हवा असेल तर, खडा आपल्यात सामावून घेतो आणि पुढे जातो. त्याने श्रम वाचतात, जमिनीवरची पकड वाढते आणि चाकही भेगेत सहसा अडकत नाही.

कोणत्या वाटेला किती रुंदी हवी, याचा ठोकताळा असा.

शहरातला सिमेंटचा आणि डांबरी रस्ता एवढीच वाट असेल, तर 38 ते 42 मिलिमीटर रुंदीचा, जवळजवळ सपाट टायर पुरेसा आहे. बाजारात ‘हायब्रिड’ नावाने मिळणाऱ्या सायकलींना साधारण या रुंदीचे टायर असतात.

निम्मी वाट डांबरी आणि निम्मी मुरूम, गिट्टी किंवा वाळलेली पांदण असेल, तर 45 ते 54 मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन ते सव्वादोन इंचांच्या आतला टायर घ्यावा. त्याची नक्षी मध्यभागी बारीक व सलग आणि कडेला ठळक असावी. मधला भाग डांबरावर शांतपणे चालतो, कडेचे उंचवटे सैल मुरमात धरून ठेवतात.

सर्वत्र मोठमोठे उंचवटे असलेला डोंगरी टायर दिसायला भारदस्त असतो, पण डांबरावर तो घरघरतो आणि दमवतो. शिवाय काळा चिखल त्या उंचवट्यांच्या खाचांत घट्ट बसतो. चार इंची जाडजूड टायरच्या सायकलीही आता दिसतात. त्या जड असतात. उंबऱ्यावरून उचलताना किंवा चढावर ढकलताना ज्येष्ठांच्या कमरेवर ताण येतो.

भर पावसातल्या पांदणीसाठी मात्र कोणताही टायर सुचवता येणार नाही. त्या दिवसांत सायकल डांबराच्या टोकाशी ठेवून पुढे काठी टेकत चालणे हेच शहाणपण.

टायर बदलताना त्याच्या बाजूवर छापलेला आकडा वाचा. आपली जुनी काळी सायकल ‘28 इंची’ म्हणून ओळखली जाते आणि 700 सी मापाच्या नव्या टायरलाही काही ठिकाणी 28 इंचीच म्हणतात. पण जुन्या रिमचे माप 635 मिलिमीटर असते आणि नव्याचे 622. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. ‘40-635’ किंवा ‘42-622’ अशा जोड-आकड्यात पहिला आकडा रुंदी सांगतो आणि दुसरा रिमचे माप. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. पहिला थोडा वाढवता येतो, मात्र टायर आणि फ्रेम, तसेच टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये निदान बोटभर जागा राहिली पाहिजे. काळ्या मातीत ही मोकळी जागा फार मोलाची ठरते.

हवा : सर्वांत स्वस्त औषध

‘टणक होईपर्यंत हवा मार’ ही आपल्याकडची जुनी सवय. चांगला रुंद टायर घेऊन त्यात ठासून हवा भरली, तर खर्च वाया गेला असे समजा.

स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन 80 किलोच्या आसपास असेल, तर मिश्र वाटेवर सुरुवात अशी करून पाहावी. 42 ते 45 मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढे सुमारे 35 आणि मागे सुमारे 42 पीएसआय. दोन इंची टायरमध्ये पुढे सुमारे 30 आणि मागे सुमारे 35 पीएसआय. ताठ बसून सायकल चालवणाऱ्याचे वजन मागच्या चाकावर जास्त असते, म्हणून मागे हवा अधिक लागते. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. आपला आकडा त्या मर्यादेतच ठेवावा. टायर वळणावर डुलत असेल किंवा खड्ड्यात रिम जमिनीला टेकल्याचा आवाज येत असेल, तर हवा कमी पडते आहे. प्रत्येक खडा मनगटात जाणवत असेल, तर ती जास्त झाली आहे.

ट्यूबमधली हवा हळूहळू निघून जातच असते, म्हणून आठवड्यातून एकदा ती तपासावी. येथे एक बारकावा सांगतो. जुन्या सायकलींच्या ट्यूबला जो वॉल्व्ह असतो, त्यावर दाब मोजणे अवघड जाते. मोटारसायकलसारखा वॉल्व्ह असलेली ट्यूब घेतली, तर साध्या मापकाने दाब कळतो. पंक्चरच्या दुकानातील यंत्राने मात्र सायकलची ट्यूब क्षणात जास्त भरते. थोडी थोडी हवा भरायला आवर्जून सांगावे. हातपंप घरी असल्यास उत्तम. तो चालवण्याचे काम नातवाकडे द्यावे.

काट्यांवर उपाय आहेत. काही टायरांच्या आत काटा रोखणारा जाड थर असतो. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची पट्टी मिळते, आणि ट्यूबमध्ये भरायचे द्रव मिळते, जे बारीक छिद्र आपोआप बुजवते. सराट्याच्या वाटेवर यांपैकी एक तरी उपाय करावा. शर्यतीत वापरले जाणारे बिनट्यूबचे टायर उत्तम असले, तरी ज्यांची दुरुस्ती गावातल्या दुकानात होऊ शकत नाही, ते ज्येष्ठांनी टाळावेत. वाटेत अडकून उन्हात उभे राहणे हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

सायकलीची चौकट, गिअर आणि ब्रेक

चढताना आणि उतरताना तोल जाण्याचा संभव अधिक. पाय मागे उंच टाकून दांड्यावरून नेणे हे दुखऱ्या गुडघ्याला आणि ताठरलेल्या कमरेला जड जाते. म्हणून दांडा नसलेली किंवा खूप उतरता दांडा असलेली सायकल घ्यावी. ती ‘लेडीज सायकल’ म्हणून ओळखली जाते आणि अनेक आजोबांना तेवढ्यासाठीच ती नको असते. त्यांना एवढेच विचारावे : लोक काय म्हणतील याची काळजी मोठी, की खुब्याचे हाड मोठे? उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया, अंथरूण आणि परावलंबन अशी साखळी सुरू होऊ शकते. बिनदांड्याची सायकल तिथपर्यंत जाण्याचा एक धोका तरी कमी करते.

सीटची उंची ठरवताना पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवावी. पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असली, तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र बसल्या जागी दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवावी आणि आत्मविश्वास आल्यावर थोडी थोडी वर घ्यावी. हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडे वर असावे. खाली वाकून चालवल्यास मानेवर आणि तळहातांवर भार येतो, बोटांना मुंग्या येतात.

चढाच्या वाटेवर गिअर हवेत. पुढची लहान चकती 28 दात्यांची आणि मागची मोठी 32 किंवा 34 दात्यांची असेल, तर पाय हलका फिरतो आणि चढ दम न लागता सरतो. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवणे गुडघ्यांना मानवते. पुढे एकच चकती असलेली सायकल वापरायला सोपी. दोन्ही हातांनी दोन निरनिराळे गिअर सांभाळण्याचा गोंधळ टळतो.

ब्रेकच्या बाबतीत जुन्या काळ्या सायकलीची एक उणीव सांगितली पाहिजे. तिचे सळईचे ब्रेक चकचकीत लोखंडी रिमवर दाबले जातात, आणि रिम ओले झाले की ते फारसे धरत नाहीत. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्यभागी असतात, त्यामुळे चिखलपाण्यातही त्यांची पकड टिकते. तारेने चालणारे साधे डिस्क ब्रेक पुरेत. बोटांत जोर कमी असेल, तर ब्रेकचा दांडा हँडलच्या जवळ आणून घ्यावा. त्या काळ्या सायकलीचे टायर मात्र सुमारे 40 मिलिमीटरचे आणि बैठक ताठ असते. ती घरात असेल, तर ब्रेकचे रबर नवे घालून कोरड्या, सपाट रस्त्यासाठी ती आजही वापरता येते.

पुढच्या चाकावर स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल मोहात पाडते. तिच्यामुळे वजन वाढते आणि स्प्रिंग थोड्याच काळात अडखळू लागते. तेवढेच पैसे चांगल्या टायरांवर खर्च करावेत.

तोल मुळातच डळमळीत असेल, तर तीनचाकी सायकलीचा विचार व्हावा. ती उभी राहिली तरी पडत नाही. मात्र उतरत्या कडेवर किंवा वेगात वळताना ती उलटू शकते. पांदणीसाठी ती नाही. विजेवर साहाय्य देणारी सायकल चढावर मोठा आधार देते, पण ती जड असते आणि पॅडल मारताच पुढे ओढते. मोकळ्या मैदानात सवय झाल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये.

शरीराची तपासणी

सायकलीआधी शरीराची वाट तपासावी. छातीत दुखणे, चालताना धाप लागणे, उठताना चक्कर येणे, अलीकडे पडण्याचा प्रसंग येणे, यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय सुरुवात नको. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डोक्याला बसलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. हेल्मेट सर्वांनाच हवे, यांना तर अनिवार्य. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. मोतीबिंदू असेल, तर पहाटेच्या अंधुक उजेडात खड्डा दिसत नाही. भिंतीजवळ, कोणी शेजारी असताना, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का, हे पाहावे. येत नसेल, तर तोल सुधारण्याचे व्यायाम आधी, सायकल नंतर.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम सुचवते. सायकल त्यातला पहिला भाग छान भागवते. हाडांवर उभे राहण्याचा भार मात्र तिच्यात पडत नाही, म्हणून चालणे सोडू नये.

फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी 4 जानेवारी 2017 रोजी, वयाच्या 105व्या वर्षी, तासाभरात 22.547 किलोमीटर सायकल चालवली. त्याआधी शंभरी ओलांडल्यावर दोन वर्षे नियमित सराव केल्याने त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले होते. ते बंदिस्त, गुळगुळीत धावपट्टीवर सायकल चालवत होते, याचा विसर नको. त्यांचा वेग आपल्यासाठी नाही. उतारवयातही शरीर सरावाला प्रतिसाद देते, एवढा दिलासा त्यातून घ्यावा.

घरच्यांसाठी : पहारेकरी नको, पथक हवे

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. ‘एकट्याने’ म्हटले, तरी अशा स्वारामागे गाडीतून एक पथक चालत असते. ते पाणी देते, चाक बदलते, स्वाराचा चेहरा वाचते आणि वेळ आली की त्याला थांबवते. सायकल मात्र स्वारच चालवतो.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी हे पथक व्हावे. ‘पडाल’ असे म्हणून सायकल कुलुपात ठेवली, तर पडण्याचा एक धोका टळतो. पण त्याबरोबर शेतावर स्वतः जाण्याचे, पारावर मित्रांना भेटण्याचे, दुकानातून स्वतःचे सामान आणण्याचे स्वातंत्र्यही जाते. घरात बसून स्नायू सुकले, तर मोरीत जाताना पडण्याचा धोका वाढतो. उलट ज्येष्ठांनीही हे पथक नाकारू नये. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे सांगून निघणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे.

घरच्यांनी दर रविवारी पाच मिनिटे द्यावीत. हवा मोजावी, दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, टायरमध्ये रुतलेले काटे काढावेत, चेनला तेल द्यावे. नक्षी झिजली किंवा बाजूला तडे गेले, तर टायर बदलावा. खिशात नाव, औषधे आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उजाडल्यावर लगेच निघून उन्हे चढण्याआधी परतावे. पाण्याची बाटली सोबत असावी.

सराव सपाट मैदानात सुरू करावा. तेथे थांबणे, उतरणे आणि मागे वळून पाहणे जमले की डांबरी रस्ता, आणि महिनाभराने मुरूम. सैल मुरमात शिरण्याआधीच वेग कमी करावा, हलका गिअर घ्यावा, हँडल सरळ धरावे. मुरमात असताना पुढचा ब्रेक करकचून दाबू नये आणि झटकन वळू नये. नजर चाकाखाली न ठेवता दहा-बारा पावले पुढे ठेवावी. मन कचरले, तर उतरावे.

दुकानात जाल, तेव्हा घरातील एका माणसाला सोबत न्या आणि दुकानदाराला आधी आपली वाट सांगा : किती डांबर, किती मुरूम, किती चढ. मग सायकलीवर तीनदा चढून-उतरून पाहा, ब्रेक दाबून पाहा, पुढचे चाक उचलून पाहा. किंमत विचारण्याची वेळ त्यानंतरची.